एकच भारी आयशॅडो पॅलेट घ्यायचं असेल, तर आधी मॅट शेड तपासा

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं उत्तर कुणासाठी आहे ते स्पष्ट राहील. वय चाळिशीच्या पुढे, रंग गव्हाळ, वरची पापणी जराशी उतरलेली, डोळ्यांना चष्मा. वर्षअखेरच्या सुट्ट्यांत ऑफिसची पार्टी आहे, नात्यातलं एक लग्न आहे, मित्रमंडळींकडची रात्रीची जेवणं आहेत आणि मधे प्रवास. एवढ्या सगळ्याला पुरेल असं एकच, पण भारी पॅलेट घ्यायचंय आणि सुट्ट्या संपल्यावर ते कपाटात पडून राहायला नको. पसंतीला तीन उतरलीत: या मोसमापुरतं आलेलं सोळा शेडचं एक मोठं, दहा खणांचं एक आणि पाच खणांचं एक छोटं. यातलं कोणतं घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

वरवर पाहता हा खणांच्या संख्येचा प्रश्न वाटतो. खरी अडचण वेगळी आहे. सुट्ट्यांत डोळ्यांवर चमक हवी आणि तेच पॅलेट वर्षभर वापरताही यावं, या दोन मागण्या उलट्या दिशांना ओढतात. दुकानात पॅलेट खपतं ते चमकत्या शेडवर आणि घरी वापरलं जातं ते मॅट, म्हणजे बिनचमकीच्या शेडवर. मी बरीच वर्षं दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर काम करतेय. माझ्या पेटीतली जुनी पॅलेट्स उघडलीत, तर ज्या खणांचा पत्र्याचा तळ दिसायला लागलाय ते जवळजवळ सगळे मध्यम तपकिरी मॅट निघतील. शेजारच्या जांभळ्या-हिरव्या शिमरवरचा, म्हणजे चमकत्या शेडवरचा, कंपनीचा ठसासुद्धा अजून पुसलेला नसतो. त्यामुळे माझा सल्ला असा: कंटाळवाण्या दिसणाऱ्या शेड आधी तपासा. त्या तुमच्या त्वचेवर नीट बसत असतील तरच चमकत्या शेडकडे वळा.

डोळ्यांच्या मेकअपमध्ये आयशॅडोला मुळात चारच कामं असतात. पापणीचा रंग एकसारखा करणारी फिकट शेड, पापणीच्या घडीला खोली देणारी मध्यम शेड, पापण्यांच्या केसांच्या मुळाशी दाटपणा आणणारी गडद शेड आणि नजर खेचून घेणारी चमकती शेड. शार्लट टिलबरी या ब्रँडच्या चार खणांच्या पॅलेटमध्ये तर खणांना ही कामं नावानिशी वाटून दिलेली असतात: प्राइम, एन्हान्स, स्मोक आणि पॉप. पॅलेट कोणत्याही कंपनीचं असो, लहान असो की मोठं, मी मनातल्या मनात प्रत्येक खणावर यातलं एकेक नाव टाकून बघते. मोसमी मोठ्या पॅलेटमध्ये अनेकदा निम्म्याहून जास्त खण ‘पॉप’ निघतात आणि ‘स्मोक’ म्हणावी अशी गडद मॅट शेड शोधावी लागते. दहा प्रकारच्या चमकीतून तुम्ही एका वेळी एक, फार तर दोन वापरणार. गडद मॅट नसेल तर मात्र रात्रीचा मेकअप अर्धाच राहतो.

यातली सर्वांत महत्त्वाची मध्यम शेड, आणि ती कोणती हे पूर्णपणे त्वचेवर अवलंबून आहे. उजळ त्वचेवर जी बदामी शेड घडीत छान सावली टाकते, ती गव्हाळ त्वचेवर लावली की दिसतच नाही आणि सावळ्या त्वचेवर पांढुरकी पूड सांडल्यासारखी दिसते. आपल्या पापणीच्या रंगापेक्षा एक-दोन छटा गडद, एवढाच नियम मी पाळते. तुमच्या वर्णनावरून तुम्हाला बदामीपेक्षा पुढचा, मातकट किंवा कोमट तपकिरी लागेल. त्वचेत पिवळी झाक असेल तर थोडा विटकरी तपकिरी खुलतो. हिरवट, म्हणजे ऑलिव्ह झाक असेल, तर तोच विटकरी डोळ्याभोवती नारिंगी दिसायला लागतो आणि तिथे कमी लाल, जरासा धुरकट तपकिरी बरा. आपली झाक कोणती हे कळत नसेल तर दोन्ही शेड दोन डोळ्यांवर लावून खिडकीपाशी उभ्या राहा. मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या वगैरे परीक्षेवर माझा फारसा विश्वास नाही.

फिकट शेड पांढुरकी का दिसते, याचं कारण घटकांच्या यादीत सापडतं. मॅट तपकिरी रंग मुख्यतः तीन लोह ऑक्साइडांपासून बनतात: लाल, पिवळं आणि काळं. वेष्टनावर ते अनुक्रमे सीआय (कलर इंडेक्स, म्हणजे रंगद्रव्यांची सूची) ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ या क्रमांकांनी दिलेले असतात. रंग फिकट करायचा तर त्यात टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे ७७८९१, वाढवतात. ते मुळात पांढरं पिगमेंट, म्हणजे रंगद्रव्य. जितकं जास्त, तितकी ती शेड गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर राखाडी पडण्याची शक्यता जास्त. चमकीचंही तसंच आहे. शिमरमधली चमक बहुधा अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांवर दुसऱ्या पदार्थाचा थर चढवून आणलेली असते. थर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळसा असेल तर चमक चंदेरी-पांढरी येते. लोह ऑक्साइडचा असेल तर कांस्य, तांबं, जुनं सोनं अशा छटा मिळतात. म्हणून तुमच्या रंगावर बर्फाळ चंदेरीपेक्षा तांबूस किंवा जुन्या सोन्याची चमक हमखास जमून येईल. चंदेरी वापरायचीच असेल तर आधी खाली तपकिरी मॅट, मग वर बोटाच्या टोकाने अगदी थोडी.

आता पापणीबद्दल. चाळिशीनंतर पापणीची त्वचा पातळ होते, बारीक सुरकुत्या येतात, आणि चमकीचा कण जितका मोठा तितक्या त्या सुरकुत्या ठळक दिसतात. साधारण १५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण असले की सॅटिनसारखी मऊ झळाळी मिळते. १० ते ६० मायक्रॉनच्या आसपास आपण ज्याला शिमर म्हणतो तो भाग येतो, आणि १०० च्या पुढे गेलं की सुटे कण वेगवेगळे लुकलुकताना दिसतात. पॅलेटवर मायक्रॉन छापलेले नसतात, पण डोळ्यांना फरक कळतो. शेड बोटावर घ्या, हात हलवा. पृष्ठभाग सलग चमकला तर ती तुमच्यासाठी. वेगवेगळे ठिपके चमकले तर ती पापणीच्या मधोमध, नखाएवढ्या जागेपुरती ठेवायची. चाळिशीनंतर शिमर लावूच नये हा सल्ला मला पटत नाही. कण बारीक असला आणि जागा नेमकी निवडली तर साठीतल्या पापणीवरही सॅटिन सुरेख दिसतं.

उतरलेल्या पापणीचा हिशोब निराळा. डोळे उघडले की पापणीचा हलणारा भाग त्वचेच्या पडद्याआड जातो, म्हणजे हौसेने लावलेली चमक फक्त डोळे मिटल्यावर दिसते. त्यामुळे मध्यम मॅट शेड घडीत नाही, तर घडीच्या किंचित वर लावावी लागते, आणि तीही डोळे उघडे ठेवून, आरशात सरळ बघत. या जागेवर शिमर लावला की तो भाग पुढे आल्यासारखा, सुजल्यासारखा दिसतो. तुमच्यासाठी मॅट शेड महत्त्वाच्या म्हणतेय त्यामागे हेही एक कारण आहे.

चष्म्याचा नंबर तुम्ही लिहिला नाहीत. उणे नंबर असेल तर काच डोळे लहान दाखवते, तेव्हा फिकट आणि सॅटिन शेडला थोडी जास्त जागा द्या आणि गडद शेड केसांच्या मुळाशीच ठेवा. अधिक नंबर असेल तर डोळे मोठे दिसतात आणि ब्लेंड न झालेली प्रत्येक कडही मोठी दिसते. तिथे सुटी चमक टाळलेली बरी. एरवी फ्रेम जितकी जाड आणि गडद, तितकी केसांच्या मुळाशी रेष ठसठशीत हवी, नाहीतर डोळे फ्रेममध्ये हरवतात.

सुट्ट्यांच्या मोसमात सर्वांत जास्त फसवतो तो प्रकाश. दुकानातले दिवे पांढरे आणि प्रखर, घरच्या रात्रीच्या जेवणाचे दिवे पिवळे. साध्या उबदार पिवळ्या दिव्याचा प्रकाश २७०० ते ३००० केल्विनच्या (प्रकाशाच्या रंगछटेचं एकक) आसपास असतो, तर दिवसाच्या उजेडासारखा पांढरा प्रकाश ५००० ते ६५०० च्या घरात. पिवळ्या प्रकाशात निळा अंश कमी असतो, त्यामुळे निळसर राखाडी, थंड जांभळा, निळा हे रंग मंद आणि मातकट होतात. तांबूस, वाइन, सोनेरी रंग उजळतात. म्हणजे दुकानात झगमगणारं थंड रंगांचं पॅलेट घेऊन तुम्ही मेणबत्त्यांच्या प्रकाशातल्या जेवणाला गेलात, तर ते तिथे फिकं पडणार. तुमचे बहुतेक कार्यक्रम संध्याकाळचे आहेत, म्हणून रंगांचा कल उबदार किंवा मधला ठेवा, आणि थंड रंग एखादाच.

कॅमेऱ्याचा फ्लॅश हा अजून वेगळा प्रकार. तो समोरून थेट येतो आणि चमकत्या कणांवरून तसाच परततो, त्यामुळे भुवईच्या हाडावर लावलेली पांढरी चमक फोटोत चुन्याच्या पट्ट्यासारखी उमटते. लग्नाला फोटो भरपूर निघणार. भुवईखाली मॅट किंवा नुसती त्वचा.

भारी पॅलेटमध्ये पैसे नेमके कशाचे जातात, हेही बघायला हवं. लोह ऑक्साइड ही काही दुर्मीळ वस्तू नाही. चांगला मॅट तपकिरी मध्यम किमतीतही मिळतो. महाग पॅलेटमध्ये फरक जाणवतो तो पूड किती बारीक दळली आहे, बांधणारं तेल आणि सिलिकोन किती मोजून घातलंय आणि चमकीचे कण कोणत्या दर्जाचे आहेत यात. निळ्या आणि जांभळ्या मॅट शेडमध्ये हा फरक सर्वांत जास्त दिसतो. अल्ट्रामरीन निळा किंवा मँगनीज जांभळा ही पिगमेंट्स एकसारखी पसरवणं अवघड असतं. बनावट साधारण असेल तर पापणीवर चट्टे पडतात. बाकीचा पैसा जातो डबीत, आरशात, झाकणाच्या त्या जड ‘टक्’ आवाजात आणि नावात. त्याला माझी हरकत नाही. सुंदर डबी हातात घेण्याचाही आनंद असतो. पण मोसमापुरत्या आवृत्तीत डबीचा वाटा वाढतो आणि शेडचा कमी होतो, एवढं ध्यानात ठेवून घ्या. घेण्याआधी खालच्या बाजूला छापलेलं एकूण वजन बघा आणि खणांच्या संख्येने भागा. ७ ग्रॅमचं पाच खणांचं पॅलेट म्हणजे दर खणात १.४ ग्रॅम, आणि १६ ग्रॅमचं सोळा खणांचं म्हणजे फक्त १ ग्रॅम. मोठं पॅलेट भरगच्च दिसतं, पण तुमची लाडकी मध्यम शेड त्यात आधी संपते, आणि मोसमी आवृत्ती असली तर पुन्हा मिळतही नाही.

आता तुमचे तीन पर्याय. सोळा शेडचं मी तुम्हाला सुचवणार नाही. ज्यांना रंगांशी खेळायला आवडतं, ज्या रोज वेगळं काहीतरी करून बघतात, त्यांच्यासाठी ते बरं. तुमच्या गरजेत प्रवास आहे, दिवसाचं ऑफिस आहे आणि ‘पडून राहायला नको’ ही अट आहे. मोठ्या पॅलेटमध्ये रोज सकाळी निवड करण्यातच वेळ जातो आणि शेवटी हात त्याच तीन खणांकडे वळतो.

पाच खणांचं आणि दहा खणांचं यातला निर्णय एका गोष्टीवर ठरेल: तुमच्याकडे आधीपासून एखादी चांगली मध्यम मॅट आणि एक गडद मॅट आहे का? असेल, तर छोटं घ्या. डिओरच्या पाच खणांच्या किंवा शनेल आणि टॉम फोर्डच्या चार खणांच्या पॅलेटची गंमत अशी की त्यातल्या शेड एकमेकींशी जुळतील अशाच निवडलेल्या असतात, आणि घाईत हात चुकत नाही. त्यांची अडचण अशी की अनेकदा पाचातल्या चार शेड सॅटिन किंवा शिमर असतात. मॅट घरात असेल तर ही अडचण उरत नाही. शनेलच्या चार खणांसारख्या भाजून घट्ट केलेल्या शेड कोरड्या ब्रशने हलक्याच लागतात. दिवसा तेच हवं असतं, आणि रात्री ब्रश किंचित ओला केला की त्याच शेड गडद उठतात. हा प्रयोग साध्या दाबलेल्या पावडरवर मात्र करू नका, वर कडक पापुद्रा येतो आणि मग ब्रशला काही लागतच नाही.

हाताशी मॅट शेड नसतील, म्हणजे अगदी कोऱ्या पाटीवरून सुरुवात असेल, तर दहा खणांचं. त्यात मला किमान एवढं दिसायला हवं: तुमच्या पापणीच्या रंगाची एक, त्याहून एक-दोन छटा गडद अशा दोन मॅट, जवळजवळ काळपट तपकिरी किंवा वाइन रंगाची एक मॅट, दोन बारीक कणांच्या सॅटिन आणि एक खरीखुरी झगमगती. उरलेल्या तीन शेड कंपनीने काहीही दिल्या तरी चालेल, त्या हौसेच्या. पॅट मॅकग्राच्या ‘मदरशिप’ मालिकेतल्या दहा खणांच्या पॅलेटसारखी पॅलेट्स चमकीच्या बाबतीत अप्रतिम असतात, पण त्यांचा भर चमकीवरच असतो, त्यामुळे कोणतंही एक निवडताना त्यातल्या मॅट शेड मोजूनच घ्या. उलट टोकाला व्हिझआर्टचं बारा मॅट तपकिरी शेडचं पॅलेट. व्यावसायिक पेटीत ते सोन्यासारखं, पण तुमच्या सुट्ट्यांना त्यातून एकही चमक मिळणार नाही.

चमकत्या शेडमधली एक बाहेर काढायची तर मी रंग बदलणारी, म्हणजे ड्युओक्रोम, निवडेन. तिचा रंग थराच्या जाडीमुळे प्रकाश परतताना तयार होतो. थर वीस-तीस नॅनोमीटरने (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) जाड होत गेला की चंदेरीचा सोनेरी, मग लालसर, मग निळा, हिरवा होत जातो. हा परतणारा रंग फिकट पार्श्वभूमीवर जेमतेम दिसतो आणि गडद पार्श्वभूमीवर उसळून येतो. म्हणजे एकच शेड उघड्या पापणीवर लावली तर दिवसाची नाजूक झाक, आणि गडद तपकिरी मॅटवर किंवा काजळ पेन्सिल पसरवून त्यावर लावली तर रात्रीचा पूर्ण थाट. एका खणात दोन शेड मिळतात म्हणा ना. बहुगुणी पॅलेट म्हणजे माझ्या लेखी हेच.

दुकानात तपासताना बोटाने खणात जोर लावून हातावर ओढलेली रेघ काही सांगत नाही. बोटाच्या उबेने आणि दाबाने कोणतीही शेड गडद दिसते. स्वतःचा स्वच्छ ब्रश घेऊन जा. मध्यम मॅट घ्या, हाताच्या आतल्या बाजूला दोनदा हलक्याने फिरवा, मग त्याच ब्रशने कडा बाहेर पसरवा. चांगल्या शेडची कड विरते आणि मधला रंग टिकतो. वाईट शेडमध्ये दोन्ही मिळून नाहीसं होतं किंवा कड तशीच राहून मध्ये चट्टा पडतो. गडद मॅट मध्यम मॅटवर चढवून बघा, दोन्ही मिसळून चिखल होत असेल तर ते पॅलेट ठेवून द्या. आणि दुकानातला टेस्टर डोळ्यांना लावू नका. अनेकांची बोटं त्यात गेलेली असतात आणि डोळ्यांचा संसर्ग सुट्ट्यांचा पुरता विचका करतो. हातावरची शेड तशीच ठेवून बाहेर उजेडात जा, दोन तास इतर कामं करा, मग परत बघा. ऑनलाइन घेत असाल तर तुमच्याच रंगाच्या व्यक्तीने पापणीवर लावलेली, फिल्टर नसलेली छायाचित्रं शोधा. कंपनीच्या छायाचित्रावरून शेडची खोली कळत नाही.

वेष्टन वाचताना तीन गोष्टी. पहिली, काही पॅलेट्सवर, विशेषतः भडक गुलाबी-लाल शेड असलेल्यांवर, काही शेड डोळ्याच्या लगतच्या भागासाठी नाहीत अशी बारीक अक्षरांतली सूचना असते, किंवा त्यांना आयशॅडो न म्हणता ‘प्रेस्ड पिगमेंट’ म्हटलेलं असतं. काही कृत्रिम लाल-गुलाबी रंगांना अमेरिकेत डोळ्यांभोवती वापरायला परवानगी नाही, त्यातून हा शब्दप्रयोग आला. पापणी संवेदनशील असेल तर अशा शेड सोडा. दुसरी, वाइन आणि लालसर शेडमध्ये अनेकदा कार्माइन असतं, सीआय ७५४७०. ते कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढतात. प्राणिजन्य घटक नको असतील तर हा क्रमांक बघा. तिसरी, उघड्या डबीच्या चिन्हातला आकडा, म्हणजे उघडल्यानंतर किती महिने वापरायचं तो. १२ किंवा २४ महिने लिहिलेलं असेल तर सोळा खण संपवण्याइतक्या पार्ट्यांना तुम्ही जाणार आहात का, याचंही उत्तर मिळतं. चष्म्याऐवजी कधी कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल, तर सुटं ग्लिटर पापणीपासून लांबच ठेवा.

घेतल्यावर एकाच पॅलेटमधून तुमचे कार्यक्रम कसे भागतील ते सांगते. ऑफिसच्या दिवशी: पापणीवर थोडं कन्सीलर किंवा प्रायमर, त्यावर त्वचेच्या रंगाची शेड, घडीच्या वर मध्यम मॅट. संपलं. संध्याकाळी त्याच दिवशी पार्टी असेल तर चेहरा पुन्हा धुवायची गरज नाही. टोकदार ब्रशने गडद मॅट वरच्या केसांच्या मुळाशी दाबून लावा आणि बाहेरच्या कोपऱ्यात जरा वर न्या, मग बोटाने तांबूस सॅटिन पापणीच्या मध्यभागी. प्रसाधनगृहाच्या आरशातही होईल इतकं ते सोपं आहे. लग्नाला वेळ हाताशी असतो, तेव्हा गडद मॅट आधी पसरवा, वर ड्युओक्रोम, आणि खालच्या पापणीलगत मध्यम मॅटची बारीक रेघ. डोळ्यांवर एवढं असताना ओठ मी शांत ठेवते, पण ही आवड झाली, नियम नाही. रात्रीच्या साध्या जेवणाला मला स्वतःला नुसती वाइन रंगाची मॅट, बोटाने पुसट केलेली आणि वर मस्कारा, हे सर्वांत देखणं वाटतं. चमकीचा एक कणही नाही, आणि पिवळ्या दिव्यात डोळे छान दिसतात.

झगमगती शेड लावायची असेल तेव्हा डोळे आधी आणि चेहऱ्याचा बेस नंतर करा. कण गालावर सांडतातच. सांडलेले कण घासू नका, चिकटपट्टीचा तुकडा हातावर दोनदा दाबून चिकटपणा कमी करा आणि त्याने हलकेच टिपून घ्या.

पॅलेटबरोबर येणारा स्पंजचा छोटा ॲप्लिकेटर शिमर दाबून लावायला चालतो, मॅट पसरवायला अजिबात नाही. पैसे मोजून ठेवलेत तर त्यातले थोडे दोन ब्रशसाठी राखून ठेवा: एक मऊ, गोलसर, ब्लेंडिंगचा आणि एक छोटा टोकदार. मधल्या दर्जाच्या पॅलेटला चांगला ब्रश सावरून घेतो. वाईट ब्रशसमोर भारी पॅलेटसुद्धा काही करू शकत नाही. प्रवासात पॅलेटच्या आत, शेड आणि आरसा यांच्यामध्ये कापसाची पातळ चकती ठेवा आणि ते हातातल्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध न्या. दाबलेली पावडर धक्क्याने फुटते आणि मऊ, महाग बनावटीच्या शेड सर्वांत आधी फुटतात. चमकत्या शेडवर कडक, गुळगुळीत पापुद्रा आला तर स्वच्छ चिकटपट्टी हलकेच दाबून उचला, खालची पावडर पहिल्यासारखी लागते.

तुमच्याकडे मॅट शेड आहेत की नाहीत आणि चष्म्याचा नंबर उणे आहे की अधिक, एवढं कळवलंत तर त्या दहा खणांच्या पॅलेटमधल्या नेमक्या कोणत्या शेड तुमच्या कामाच्या आणि कोणत्या नुसत्या जागा अडवणाऱ्या, तेही सांगता येईल.